बाबांच्या खिशातली ट्यूब

तुमच्या घरात आरशाजवळ एखादी मलमाची ट्यूब आहे का, डॉक्टरने न दिलेली? ओळखीच्या कुणीतरी, अगदी प्रेमाने, ‘लाव, चेहरा साफ होईल’ म्हणून दिलेली? पुढे वाचण्याआधी नीट आठवून बघा. आमच्या घरात ती होती. आणि आमचं घर अंगारा दारातूनच परत पाठवणारं.

माझं नाव प्रज्ञा. आम्ही नागपूरला मनीषनगरात राहतो. बाबा हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर आहेत आणि ड्यूटी संपली की पत्रकं लिहितात. एकच कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला, फुकट वाटायचा. बुवाबाजी, हुंडा, जातीचा माज, दारू, बाबांनी सोडलेला विषय नाही. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. विजयादशमीच्या गर्दीत मी बाबांच्या खांद्यावर बसून ती वाटली आहेत.

छापून आलेले गठ्ठे घरी आले की चटई टाकायची, सगळ्यांनी बसून घड्या घालायच्या आणि घडीवर चमच्याची पाठ फिरवायची, म्हणजे ती पक्की बसते. आमच्याकडे एक नियमही आहे. छापायला देण्याआधी मजकूर घरात मोठ्याने वाचायचा. घरातलं कुणीही, अगदी शाळेतली मीसुद्धा, एखादी ओळ खोडू शकतं. मात्र खोडणाऱ्याने कारण सांगायचं. लिहिणाऱ्याला ते पटलं नाही, तर ओळ परत आत.

हा नियम लक्षात ठेवा. शेवटी लागणार आहे.

हनुवटी

अकरावीत होते. हनुवटीखाली बोट फिरवताना काहीतरी टोचलं. आरसा खिडकीत नेऊन पाहिलं तर जाड, काळे केस, दोन-चार. उपटले. आठवड्याने तिथेच पुन्हा, सोबत नवे. त्याच सुमारास पाळी अनियमित झाली, कधी महिनोन्‌महिने यायचीच नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे मला सुचलं नाही. सांगणारंही कुणी नव्हतं. आमच्या घरात हुंड्यावर मोठ्याने बोलता यायचं, पाळीवरही यायचं. बाबांचं त्यावर पत्रक होतं. मुलीला दाढी आली तर काय बोलायचं, याचं पत्रक नव्हतं.

मग मुली जे करतात ते सगळं मी केलं. चिमटा. पार्लरचा धागा. वॅक्स, ज्याने त्या जागेवर पुळ्या उठल्या. केस काढायची क्रीम, जिचा वास आंघोळ केल्यावरही नाकातून जाईना. ब्लीच, ज्याने काळे केस सोनेरी झाले आणि उन्हात जास्तच चमकले. बाबांचं रेझरसुद्धा. ‘रेझरने केस जाड होतात’ असं कॉलेजात प्रत्येकीला पाठ होतं. ते खोटं आहे, हे मला फार उशिरा कळलं.

पार्लरवाली ताई धाग्याचं एक टोक दातात धरून बोलायची. “लेझर करून घे वं लग्नाच्या आधी. मंग टेन्शनच नाही. नवऱ्याले कळतबी नाही.”

मी हसून सोडून द्यायची. लग्न कुणाला करायचं होतं? मला चौकात उभं राहून भाषण करायचं होतं, आणि मी ते करत होते. फक्त माइकसमोर उभं राहताना एक हात हनुवटीवर असायचा. लोकांना वाटायचं, पोरगी विचारी आहे.

नागपूरने मला लपायला मदतच केली. इथे स्कूटीवरच्या पोरी उन्हाळ्यात डोळे तेवढे उघडे ठेवून चेहरा बांधतात. मी थंडीतही बांधायची. कुणी विचारलं नाही.

इंग्रजी अक्षरं

धागा आणि वॅक्स करून करून हनुवटीवर काळे डाग पडले. ते सुधाकर काकांना दिसले. काका म्हणजे बाबांचे जुने सोबती. मोर्चात बाबांच्या शेजारी चालणारे, आमच्या पत्रकांचा गठ्ठा स्वतःच्या औषधाच्या दुकानात काउंटरवर ठेवणारे. माझ्या पहिल्या भाषणाला पहिली टाळी त्यांची होती. त्यांनी बाबांच्या हाती एक ट्यूब पाठवली. बाबा ड्यूटीवरून आले, शर्टाच्या खिशातून पत्रकांसोबत ती काढली आणि म्हणाले, “सुधाकरनं देल्ली. झोपताना लावत जाय.”

कुणी अंगाऱ्याची पुडी आणली असती तर आईने ती नालीत टाकली असती आणि आणणाऱ्याला चांगलं सुनावलं असतं. पण या ट्यूबवर इंग्रजी अक्षरं होती, कंपनीचं नाव होतं, ती दुकानातून आली होती. म्हणजे विज्ञान. झालं. बुवाला शंभर प्रश्न विचारायचे आणि ट्यूबला एकही नाही, ही चूक आमच्यासारख्या घरांनीच करावी.

आणि त्या ट्यूबने काम केलं. काही दिवसांत डाग गेले, चेहरा उजळला. शेजारच्या बाया म्हणायला लागल्या, “काहून वं प्रज्ञा, लगीन जमलं का? लयच गोरी दिसून राहिली!” मला राग यायला हवा होता. गोरेपणावर मी स्वतः बोलले होते. पण आरशासमोर मी खूश होते, हे खरं.

ट्यूब संपली की बाबा न मागता दुसरी आणायचे. संपत आलेली आई कात्रीने कापायची, आतलं निपटून स्वतःच्या गालांना लावायची. तिच्या गालांवर वांग होते.

त्याच काळात घरी ‘परिचय’ सुरू झाले. आमच्याकडे मुलगी पाहण्याचा कार्यक्रम नसतो, बाबांचा त्याला विरोध आहे. आमच्याकडे परिचय असतो. मुलाकडचे येतात, पोहे खातात, मुलीला खिडकीच्या बाजूला बसवतात आणि चळवळीवर बोलतात. एकदा एका मुलाची आत्या बोलता बोलता वाकली आणि माझ्या हनुवटीकडे असं पाहून गेली, जसं भाजीवाल्याकडचं वांगं कुठे किडलं आहे ते बघावं. नंतर ‘कळवतो’ म्हणाले. मी बाबांना म्हटलं, “हे बंद करा.” बाबा म्हणाले, “अवं, ओळख करून घ्याले काय जाते?”

मग गालांवर, जिथे कधी केस नव्हते तिथे, लव दाट व्हायला लागली. चेहरा उन्हात जायच्या आधीच लाल. गालांवर बारीक शिरा दिसायला लागल्या. एक दिवस मलम लावलं नाही तर आग. लावलं की शांत. म्हणून मी जास्त लावलं.

सगळे आपापली खाज घेऊन

शेवटी सरकारी दवाखान्यात गेले, आईला घेऊन. केसपेपरची रांग, मग चामडीच्या विभागाबाहेर बाकड्यावरची रांग. मी स्कार्फ सोडला नव्हता. शेजारी रामटेककडच्या एक आजी होत्या, धानाच्या चिखलात राबून हातांच्या बोटांमध्ये चिखल्या झालेल्या. बराच वेळ माझ्याकडे पाहून म्हणाल्या,

“पोरी, तोंड काहून झाकून राहिली? इथं कोण तुले पाहाले आलं? सगळे आपापली खाज घेऊन आले.”

आई हसली. मीही. हळूच स्कार्फ खाली केला. आजींनी पाहिलं आणि स्वतःची हनुवटी पुढे केली. तिच्यावर पांढऱ्या केसांचा झुबका होता. “हे पाह्य. नातू वढते मही दाढी. म्हणते, आजी, तू आबा हायस का?”

इतक्या वर्षांत माझ्या चेहऱ्यावर कुणीतरी केलेला हा पहिला बरा विनोद होता. आतून नाव पुकारलं तेव्हा मी स्कार्फ हातात घेऊनच गेले.

डॉक्टर मॅडम माझ्याहून फार मोठ्या नसाव्यात. विचारलं, “चेहऱ्याला काय लावता?” मी म्हटलं, “काही नाही, फक्त औषध.” “दाखवा.” मी पर्समधून ट्यूब काढून दिली. त्यांनी ती उलटी केली, वाचली, आणि पेन खाली ठेवलं.

“कधीपासून?”

“कॉलेज संपलं तेव्हापासून. रोज.”

त्या रागावल्या नाहीत. तेच जास्त लागलं. त्यांनी ट्यूब माझ्यासमोर धरली आणि बोट ठेवलं. लाल रेघेशेजारी छापलं होतं, की हे औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. रस्त्यात पडलेला कागदही उचलून वाचणारी मी. रोज हातात घेतलेलं ते एवढंसं मी कधी वाचलं नव्हतं.

त्यांनी सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगते. त्या मलमात स्टेरॉइड होतं. थोडे दिवस, डॉक्टरच्या नजरेखाली, ते कामाचं असतं. महिनोन्‌महिने चेहऱ्यावर लावलं की चामडी पातळ होते, सवय लागते, आणि केससुद्धा वाढू शकतात. केस उपटून पडलेल्या डागांवर मी ते लावत होते, आणि ते केसच वाढवत होतं. हनुवटीचे केस मात्र आधीचे. ते आतून येत होते, हार्मोनच्या गडबडीतून, जिच्यामुळे पाळीही बिघडली होती. “भांडणं दोन आहेत,” मॅडम म्हणाल्या. “एक तुमच्या शरीराने काढलं. दुसरं या ट्यूबने. आधी दुसरं मिटवू.”

मग त्यांची नजर आईच्या गालांवर गेली. “आणि तुम्ही काय लावता?”

आई ओशाळली. “मी कुठं लावतो? उरलंसुरलं फक्त. वाया काहून घालवाचं?”

एका केसपेपरवर गेलो होतो, आईसाठी दुसरा काढून आलो.

कूलरसमोर

मलम एकदम तोडायचं नव्हतं. मॅडमनी सांगितलं तसं हळूहळू कमी करत सोडलं. तरी चेहरा पेटला. सोललेल्या कांद्यासारखी कातडी. पाणी लावलं तरी झोंबे. वर नागपूरचा उन्हाळा. स्कार्फ बांधला की घामाने आग, सोडला की उन्हाने आग. आई आणि मी दुपारभर कूलरसमोर ओली फडकी तोंडावर घेऊन पडायचो. आई फडक्याखालून म्हणायची, “कोणी आलं तं समजन, दोन मढे ठेवले घरात.”

चौकातली भाषणं बंद झाली. फोन आले, मी उचलले नाहीत. सगळ्यात मोठी भीती दुखण्याची नव्हती. हाच चेहरा राहिला तर मी पुन्हा कधी लोकांसमोर उभी राहीन का, ती होती. बोलण्याशिवाय मला दुसरं येतं काय?

छोट्या बऱ्या गोष्टीही घडल्या. केसांचं काय करू, असं मी मॅडमना विचारलं होतं. लेझर? “होतं, पण ही चामडी सावरल्यावर. आत्ता केलं तर भाजेल. आणि लेझरने केस कमी होतात, सगळे कायमचे जातीलच असं नाही. हार्मोनच्या गोळ्यांनाही महिने लागतील. वॅक्स, ब्लीच, क्रीम काही नको. आग कमी झाली की साधं रेझर, हलक्या हाताने.” मी दचकले. “रेझर?” त्या हसल्या. “का? आणि ठेवलेत तरी चालतात. केस म्हणजे आजार नाही. त्यांच्या मागे आहे त्याच्यावर औषध चालू आहे.”

‘ठेवलेत तरी चालतात.’ स्त्रियांच्या शरीरावर तावातावाने बोलणाऱ्या आमच्या घरात हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं.

काउंटर

चेहरा थोडा निवळला तशी मी सुधाकर काकांच्या दुकानात गेले. काउंटरवर आमचीच पत्रकं होती. मी त्या गठ्ठ्यावर ट्यूब ठेवली.

“काका, हे चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, हे तुमाले माहीत होतं?”

“बस तं खरी. एवढी काहून तापून राहिली?”

“माहीत होतं का नाही?”

“अवं, सगळेच देते. मी नाही देल्लं तं समोरचा देते.”

हे वाक्य मला तोंडपाठ आहे. दारूवरच्या पत्रकात दुकानदाराच्या तोंडी घालून बाबांनी त्याची खिल्ली उडवली होती. तो कागद वाटायला काकाही होते.

मी म्हटलं, “मह्या तोंडाची काय गत झाली ते पाहा.” आणि स्कार्फ काढला. काकांनी पाहिलं आणि नजर फिरवली. मग आवाज चढवून, स्वतःला वाचवायला, म्हणाले ते असं:

“माह्यावर काहून ओरडतं? दोन हप्त्याच्या वर लावाचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी तुह्या बाबाले सांगतलं होतं. मंगबी सांगतलं. तोच म्हणे, पोरीचं लगन जमेपर्यंत चालू दे, मंग बंद करू.”

दुकानात कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. मी ट्यूब उचलली, पत्रकांचा गठ्ठाही उचलला आणि बाहेर पडले. गाडी कशी चालवली ते आठवत नाही.

चटई

घरी बाबा चटईवर घड्या घालत बसले होते, हातात चमचा. मी विचारलं, “काका म्हणाले ते खरं हाय?”

त्यांनी ‘काय’ असं विचारलं नाही. चमचा तेवढा थांबला.

“तू आरशासमोर रडाची,” ते म्हणाले. “मी पाहून राहिलो होतो. डाग गेले तं तू हसाले लागली. पाहुणे येऊन राहिले होते. वाटलं, थोडे दिवस आणखी.”

“मले सांगाचं होतं. मी ठरवलं असतं.”

“तू लावलं नसतं.”

तेच तर. मी लावलं नसतं, हे त्यांना माहीत होतं. म्हणूनच सांगितलं नाही.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हळू बोलली. “अन् मले काहून नाही सांगतलं? मीबी लावत होती.”

बाबांनी मान वर केली. हे त्यांना माहीत नव्हतं. दवाखान्यातून आम्ही दोघी आलो, दोघी फडकी घेऊन पडलो, आणि बाबांना वाटत होतं की आई मला सोबत म्हणून पडते. इतक्या दिवसांत त्यांनी तिच्या गालांकडे नीट पाहिलंच नव्हतं. ते तिच्याकडे बघत राहिले. आईने चटईवरचे कागद गोळा केले आणि ताट मांडायला जागा केली. त्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदाच घड्या अर्धवट राहिल्या.

नंतर बाबा एवढंच म्हणाले, “सुधाकरचं नाव कुठं घेऊ नको. आपला माणूस हाय. आपलीच बदनामी होते.”

मी विचारलं, “तो बुवा असता तं?”

“सुधाकर बुवा नाही.”

“मंग काय हाय, बाबा?”

ज्या माणसाने मला कुणालाही प्रश्न विचारायला शिकवलं, त्याने मला उत्तर दिलं नाही. चेहऱ्याची आग कमी झाली आहे. ही झालेली नाही.

खोडलेली ओळ

आता माझी चामडी सावरते आहे. गाल अजून उन्हात लाल होतात. गालांवरची लव विरळ झाली, हनुवटीचे केस आहेत. गोळ्या चालू आहेत, पाळी बरीच नियमित झाली. आईचे वांग परत आले, ती म्हणते येऊ दे. लेझरचं मी अजून ठरवलं नाही. केलं तर माझ्यासाठी करीन, परिचयासाठी नाही. परिचय बंद झाले आहेत.

तुम्ही वाचता आहात तो मजकूर मी पत्रक म्हणून लिहिला. सुधाकर काकांचं नाव इथे बदललं आहे, ते बाबांनी सांगितलं म्हणून नाही. तुम्ही एकाच दुकानावर बोट ठेवून बाकीच्यांकडून निवांत ट्यूब घ्यावी, असं मला नको आहे. बाबांना मात्र लपवायला जागा नाही. मी त्यांची मुलगी आहे, हे सगळ्यांना माहीत आहे.

नियमाप्रमाणे मी ते चटईवर बसून मोठ्याने वाचलं; इथून पुढचं त्या वाचनानंतर जोडलं आहे. आई ऐकत होती. बाबाही. वाचून झाल्यावर त्यांनी पेन मागितलं आणि एक ओळ खोडली.

मी कारण विचारलं.

“लोकं हसतीन,” ते म्हणाले.

बाबांच्या पत्रकांतल्या ओळी खोडायला लोकांनी आजवर हेच कारण दिलं होतं. माझ्या आजीने, ऐकायला बसलेल्या शेजाऱ्यांनी, एकदा तर मी. ते त्यांना कधीच पटलं नाही. मलाही पटलं नाही. मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, “नियम म्हंजे नियम,” आणि घड्यांसाठी चमचा काढून ठेवायला उठली.

ती ओळ मी परत लिहिली. ती अशी: ‘पोरीचं लग्न जमेपर्यंत चालू दे, असं माझे बाबा म्हणाले.’

बाबा कामावर निघून गेले. जाताना हाताने लिहिलेली एक प्रत खिशात ठेवली. फाडायला की वाटायला, मला माहीत नाही.

रविवारी मी हे चौकात वाटणार आहे, चेहरा न बांधता. तुमच्या हाती पडलं तर माझ्याकडे हवं तेवढं निरखून बघा, मग घरी जा. आरशाजवळची ट्यूब उलटी करा आणि लाल रेघेशेजारचं सगळं वाचा. चिठ्ठी नसेल तर ती ट्यूब घेऊन चामडीच्या डॉक्टरकडे जा. बरेच दिवस लावत असाल तर घाबरून एकदम तोडू नका, सोडायचं कसं ते त्यांना विचारा. आणि तुम्ही ती ट्यूब घरातल्या मुलीला आणून देणारे असाल, त्या ट्यूबबद्दल तुम्हाला ठाऊक असलेलं काही तिला सांगितलं नसेल, तर आज जेवायला बसायच्या आधी तिला सांगा.